अंगणातलं चालान

खुशालगुरुजी हेडाऊंच्या स्कूटरवर चालान फाटलं, तेव्हा ती स्कूटर पळत नव्हती, रस्त्यावर नव्हती, आणि खरं सांगायचं तर चालूही होत नव्हती. ती गुरुजींच्या स्वतःच्या अंगणात, तुळशीपासून चार हातांवर, त्यांच्या बायकोचं, कौशल्याबाईंचं, धुतलेलं पातळ अंगावर घेऊन गुमान उभी होती. पोलिसांनी पातळ बाजूला सारून गाडीचा नंबर लिहून घेतल्याचं दुसरं उदाहरण हिंदुस्थानात नसावं.

सन एकोणीसशे एक्क्याऐंशी. गाव साकोली आणि तुमसरच्या मध्ये कुठंतरी, एवढं पुरे. नाव सांगितलं तर पंचाईत. तिथली माणसं अजून धडधाकट आहेत आणि त्यांच्या घरी टपाल वेळेवर पोचतं. गावात इंजिनाची वाहनं तीन. सरपंचांचा ट्रॅक्टर, डॉक्टरांची मोटरसायकल आणि गुरुजींची ही फिकट हिरवी स्कूटर. तुमसरच्या एका तांदूळ दलालाकडून ती जुनीच घेतली होती. अठराव्या लाथेला सुरू व्हायची, आणि सुरू झाली की तीन तळ्यांवरचे बगळे एकदम उठायचे. ती आल्यापासून गुरुजींना शाळेत पोचायला पूर्वीपेक्षा अर्धा तास जास्त लागत होता. पण पोचत होते ते इज्जतीनं.

त्या वर्षी वरून हुकूम आला की वाहतूक पंधरवडा पाळावा आणि दर चौकीनं निदान एक केस दाखवावी. गावच्या चौकीत सुखराम जमादार एकटेच. त्यांनी तीन दिवस विचार केला. ट्रॅक्टर सरपंचांचा, आणि चौकीची खोलीही सरपंचांचीच. मोटरसायकल डॉक्टरांची, आणि जमादारांच्या म्हाताऱ्या आईला रोज सुई टोचायला डॉक्टरच यायचे. राहिले गुरुजी. गुरुजींनी जमादारांच्या पोराला बाराखडी शिकवली होती खरी, पण ती आता शिकवून झाली होती.

रविवारी सकाळी जमादार गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसले. दोन कप चहा प्यायले. पावसापाण्याचं बोलले. मग मिशा पुसून उठले, ओसरी उतरून अंगणात गेले आणि खिशातून बुक काढलं.

"नंबर काय जी गाडीचा?"

"काहून?"

"चालान फाडून राहिलो."

"कोनाचं?"

"तुमचंच."

गुरुजी आधी हसले. जमादार हसेनात, तेव्हा तेही थांबले. "जमादार, हे माह्यं आंगन होय!"

"आंगन तुमचं असन जी. पर हितून लोकं येतेत, जातेत. मंग रस्ता झाला का नाई? रस्त्यात गाडी उभी हाय. रहदारीले अडथळा."

"आता तर माह्या घरचा चहा पेला तुमी!"

"चहा ओसरीवर पेलो, गुरुजी," जमादार अदबीनं म्हणाले. "चालान खाली उतरून फाडून राहिलो. वीस रुपये भरून टाका, विषय संपला."

विषय संपणार कसा? एकोणीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींच्या नावापुढं एक लाल रेघ नव्हती. हजेरीपटावर शाईचा डाग पडला तर तो माणूस खाली तारीख घालून सही करायचा. त्याच्या नावावर आता सरकारदरबारी गुन्हा, आणि तोही स्वतःच्या तुळशीसमोर!

गुरुजींनी तो कागद समोरच्या भैयाजींना दाखवला. भैयाजी तहसिलीबाहेर चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचे. तीस वर्षं खिडकीतून खटले ऐकून त्यांना इतका कायदा पाठ झाला होता, की वकील लोक चिंचेजवळून जाताना छत्री तोंडासमोर धरत. भैयाजींनी कागद उजेडाला धरला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "गुरुजी, भरू नोका. वीस रुपये भरले का गल्ली बुडाली."

"गल्ली कायले बुडन?"

आता इथं गल्लीचं थोडं सांगायला हवं. ती कोष्ट्यांची गल्ली. बावीस घरं, अठरा माग. सुती लुगड्यांचा ताणा मागावर चढवण्याआधी त्याला पांजणी करावी लागते. म्हणजे तीस हात लांब सूत बांबूच्या घोड्यांवर ताणून धरायचं आणि तांदळाची खळ मोठ्या कुंच्यानं त्यावर फिरवायची. आता तीस हात लांब अंगण कोष्ट्याला कोण देतो? म्हणून एकाचा ताणा दुसऱ्याच्या दारातून तिसऱ्याच्या तुळशीपर्यंत जायचा. आज याचा, उद्या त्याचा. ताणा ओला असेतो त्याच्यावरून, खालून, मधून कुणी जायचं नाही. नवरदेवाची वरात आली तरी ती उभी राहायची. एकदा तर एका अंत्ययात्रेला ताणा वाळेतो थांबावं लागलं, आणि तिरडीवरच्या म्हाताऱ्यानंही मान हलवली असं सांगतात. तो स्वतः कोष्टीच होता.

कोणाचं अंगण कुठं संपतं आणि रस्ता कुठं सुरू होतो, हे त्यामुळं गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. कुणाचं अडलंही नव्हतं.

"तुमी पैसे भरले," भैयाजींनी बोट नाचवलं, "का तुमी कबूल केलं, का आंगन म्हंजे रस्ता. आज रस्त्यात स्कूटर उभी. उद्या रस्त्यात ताना उभा! जमादार तान्याचं चालान फाडन."

ही गोष्ट दुपारपर्यंत अठरा मागांवर गेली आणि अठराही माग थांबले. संध्याकाळी गुरुजींच्या दारात सारी गल्ली. पुढं आनंदाबाई. ही सत्तरी ओलांडलेली, शेजारच्याच घरातली, गल्लीतली सगळ्यांत जुनी विणकरीण. सारे तिला मोठेमाय म्हणायचे, जमादारसुद्धा. तिनं गुरुजींच्या पाठीत एक थाप मारली.

"लढ बा खुशाल. माघार घेजो नोको."

त्या दिवशी गुरुजींच्या घरी सात घरांतून भाजी आली. गुरुजींना पहिल्यांदाच वाटलं, की आपण स्कूटर घेतली ते काही उगीच नाही.

दंड भरला नाही म्हणून केस कोर्टात गेली, आणि मग पुरावा गोळा करणं आलं. गुरुजी तलाठ्याकडं गेले. तलाठी म्हणाला, "माझ्याकडं शेतं. गावठाण ग्रामपंचायतीकडं." ग्रामसेवक म्हणाला, "आमच्याकडं घर आहे. कराच्या पावतीवर बघा, खण चार, छप्पर कवेलूचं, दार पूर्वेला. अंगणाला कर नाही, तेव्हा अंगण आमच्याकडं नाही." मोजणीच्या कचेरीत एक सज्जन भेटले, त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की तुमच्या गावठाणाची मोजणी व्हायचीच आहे, अर्ज द्या, दोन वर्षांत क्रमांक लागेल. या तिन्ही फेऱ्या गुरुजींनी बसनं केल्या, कारण ज्या स्कूटरसाठी हे चाललं होतं ती अठराव्याच काय, चाळिसाव्या लाथेलाही बधेना. बहुधा तिच्याही मनाला लागलं असावं.

"कागद नाई तर नाई," भैयाजी म्हणाले. "कायदा हाय ना! एकोणचाळीस सालचा. सार्वजनिक जागा म्हंजे काय? तर जिथं पब्लिकले जाचा हक्क हाय ते. तुमच्या आंगनात पब्लिकले जाचा हक्क नाई, हे दिसाले पाह्यजे. पाटी लावा."

गुरुजींनी शाळेतल्या सुवाच्य अक्षरात पाटी रंगवली: 'खाजगी जागा. परवानगीशिवाय आत येऊ नये.' ती इतकी कडक दिसत होती, की पहिल्या दिवशी एक कावळा तुळशीकडं येता येता हवेतच वळला म्हणतात. कावळ्याचं सोडा, पोस्टमन वळला. गुरुजींच्या नावचं पत्र त्यानं 'प्रवेश नाही' असा शेरा मारून परत पाठवलं. दूधवालीनं अंगणाबाहेरूनच हाक मारायला सुरुवात केली आणि गुरुजी परवानगी द्यायला बाहेर येईतो दूध पुढच्या घरी गेलेलं असायचं. कौशल्याबाईंचा सख्खा भाऊ कारध्याहून वांगी घेऊन आला होता. त्यानं पाटी वाचली, वांगी तिथंच ठेवली आणि आल्या बसनं माघारी गेला.

"तुमाले गाडी ठेवाले जागा पाह्यजे होती का माह्या माहेरच्यायले हाकलाले?" कौशल्याबाईंनी विचारलं. गुरुजी म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे. कौशल्याबाई म्हणाल्या, मंग आज तत्त्वाचं भरीत करा.

पण भैयाजींचं पाटीनं समाधान झालं नव्हतं. "पाटी कोनी वाचते, कोनी नाई वाचत. कुंपन घाला. कुंपन अडान्यालेही समजते."

गुरुजींनी बांबू आणले, बाभळीचे काटे आणले आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातानं अंगणाला कुंपण घातलं. दाराची रुंदी स्कूटरच्या चाकाला मोजून ठेवली. हँडल मोजायचं राहून गेलं. तेव्हा स्कूटर आता पूर्णपणे खाजगी जागेत होती आणि तिथून निघण्याची तिला काही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदाबाई डोक्यावर ताणा आणि हातात कुंचा घेऊन आली. तिच्या दारापासून सूत उलगडत उलगडत गुरुजींच्या अंगणापर्यंत आलं, आणि काट्याला अडलं. नऊ हात सूत उरलं होतं.

"खुशाल, हे काय होय रे?"

"मोठेमाय, ते केससाठी..."

"केस तुही. सूत माह्यं. आता हे नऊ हात मी काय डोक्शाले गुंडाळू?"

"तूच तं म्हनलं होतं, लढ म्हनून."

"पोलिसासंगं लढ म्हनलं होतं मी! माह्यासंगं लढ म्हनलं होतं का?"

गुरुजींनी भैयाजींच्या दाराकडं पाहिलं. उत्तर त्यांच्याकडं होतं, पण ते घरात आंघोळ करत होते आणि त्या दिवशी त्यांची आंघोळ फार वेळ चालली. आनंदाबाईनं सूत गोळा केलं. गुंता झाला होता. तिनं तो गुंता पोटाशी धरला आणि घरात गेली. शिव्या दिल्या असत्या तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून भाजी बंद. गल्लीच्या त्या टोकाच्या सात घरांची पांजणी अडली आणि माग उपाशी बसले. गुरुजी जाताना दिसले की बायका मागाची फणी जरा जास्तच जोरात ठोकायच्या. कौशल्याबाईंचा स्वतःचा ताणा घरात तसाच पडून, खळ आंबून गेली. त्या म्हणाल्या, "पैसे भरले तं गल्ली बुडते, नाई भरले तंही बुडूनच राहिली. मंग तुमी करून काय राहिले जी?" आणि हा प्रश्न असा होता, की गुरुजींनी परीक्षेत कधी घातला नसता; उत्तर त्यांनाच येत नव्हतं.

तारखेला गुरुजी तालुक्याला कोर्टात उभे राहिले. न्यायाधीश साहेब तरुण, पश्चिमेकडून नवीन आलेले. त्यांनी जमादारांचं ऐकलं, गुरुजींचं ऐकलं, खिडकीबाहेरून भैयाजी खाणाखुणा करत होते तेही पाहिलं. मग म्हणाले, "रस्ता की अंगण, हे जागा पाहिल्याशिवाय कळायचं नाही. मंगळवारी मी त्या बाजूला येणारच आहे. सकाळी येतो."

सोमवारी गुरुजी शाळेतून घरी आले, तो कुंपण नाही. चुलीपुढं बांबूची थप्पी आणि कौशल्याबाई भाकरी भाजताहेत.

"अवो, माह्यं कुंपन!"

"साहेबाले घर दाखवाचं का गोठा? आन् त्या पाटीवर मी मिरच्या वाळू घातल्या, पाटी शोधू नोका."

मंगळवारी आठाच्या सुमारास साहेबांची जीप गल्लीत शिरली. वरच्या टोकाला कुणाचा तरी ताणा लागलेला होता, पुढं जायला वाट नाही. ड्रायव्हरनं इकडं तिकडं पाहिलं आणि मोकळी जागा दिसली तिथं जीप वळवून उभी केली. ती जागा गुरुजींचं अंगण. अगदी तुळशीपासून चार हात. स्कूटर कौशल्याबाईंनी अंगण झाडायला म्हणून जरा मागं ढकलली होती, म्हणून जागा झाली होती. सारी गल्ली जमली. आनंदाबाई आपल्या दारात उभी, आठ दिवस अडलेला ताणा हातात घेऊन.

साहेब उतरले. "जमादार, ही जागा सार्वजनिक रस्ता आहे असं तुमचं म्हणणं?"

"होय साहेब."

"इथं वाहन उभं करणं म्हणजे रहदारीला अडथळा?"

"होय साहेब."

मग आनंदाबाईचा आवाज आला. "मंग साहेबाच्या जीपचीही पावती फाड ना रे सुखराम. पाहून काय राहिला?"

जमादारांच्या मिशीवर घाम आला. त्यांनी जीपकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं, खिशातल्या बुकाला हात लावला, काढून घेतला.

"साहेब, जीपखालची जागा गुरुजींची आहे."

"आणि स्कूटर उभी होती ती?"

"ते रस्ता होता."

"स्कूटर कुठं उभी होती?"

जमादारांनी पायाखाली पाहिलं. "जीपच्याच जागेवर, साहेब."

गल्ली हसली. साहेबांनी हसू आवरलं असावं, कारण ते टोपी काढून परत घालण्यात गुंतले. पण माणूस कायद्याचा पक्का. "जीपचं राहू द्या. गुरुजी, मला एकच सांगा. ही सगळी मंडळी तुमच्या अंगणातून जातात, सूत लावतात. ती हक्कानं येतात की तुमच्या परवानगीनं? हक्कानं येत असतील तर जागा सार्वजनिक. मग तुमचा दंड कायम. आणि रस्ता ठरला, तर उद्या या सुतालाही कुणी अडथळा म्हणू शकेल."

मागून भैयाजी कुजबुजले, "परवानगी म्हना गुरुजी! परवानगी!"

"परवानगीनं येतात, साहेब," गुरुजी म्हणाले.

कुंचा जमिनीवर आपटल्याचा आवाज झाला. "तुह्या परवानगीनं?" आनंदाबाई पुढं आली. "तुहा बाप रांगत होता तवापासून मी हितं ताना लावून राहिली! तू येऊ देते मले? मी तुले आंघोळी घातल्या रे हितं, याच आंगनात!"

"म्हणजे तुम्ही हक्कानं येता?" साहेबांनी विचारलं.

भैयाजींनी डोळे मिटले. कौशल्याबाईंनी पदर तोंडात धरला. आनंदाबाईनं तोंड उघडलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं. तिनं मागं वळून पाहिलं. बावीस घरं तिच्याकडं पाहत होती.

त्या बाईनं जन्मात कुणाला काही विचारलं नव्हतं. तिच्या लग्नात भटजी मंगलाष्टकं लांबवायला लागले, तेव्हा अंतरपाटामागून तिनंच 'सावधान' म्हटलं असं जुनी माणसं सांगतात. आता ती उभी राहिली. कुंचा उचलला, त्याची माती झटकली. पदर नीट केला. गुरुजींच्या समोर आली आणि त्यांच्याकडं न पाहता, तुळशीकडं पाहून बोलली.

"खुशाल. ताना लावू का रे?"

एकोणीस वर्षं पोरं वर्गाच्या दारात उभी राहून 'गुरुजी, आत येऊ?' विचारत होती आणि गुरुजी मान वर न करता 'या' म्हणत होते. आज त्यांनी मान वर केली. केस जिंकली होती, सारं समोर होतं, आणि त्यांना वाटत होतं की ही बाई आणखी एक क्षणही असं उभी राहू नये.

"लाव ना, मोठेमाय. तू काहून विचारते? तुहंच होय हे."

भैयाजींनी कपाळावर हात मारला. पहिल्या शब्दानं जिंकलेलं सगळं शेवटच्या शब्दांनी घालवलं!

साहेबांनी वही उघडली. "'लाव' इथपर्यंत मी ऐकलं," ते म्हणाले. "पुढं तुमची गावाकडची भाषा मला नीट कळली नाही. परवानगी मागितली, परवानगी दिली. जागा खाजगी. जमादार, चालान रद्द."

जमादारांनी सगळ्यांत मोठा सुस्कारा सोडला. कौशल्याबाईंनी तिथल्या तिथं चहाचं आधण ठेवलं.

आणि परवानगी मिळालेली असल्यामुळं आनंदाबाईनं ताणा लावला. आपल्या दारापासून गुरुजींच्या अंगणातून, जीपच्या पुढून, थेट पलीकडच्या घरापर्यंत, तीस हात. दोन्हीकडून बायका धरायला धावल्या. खळ फिरू लागली.

साहेब जीपमध्ये बसले. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. जमादार पुढं झाले, आणि चौकी मिळाल्यापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज खरोखरच्या पोलिसासारखा निघाला.

"साहेब, ओला ताना हाय. ओलांडता येत नाई."

"किती वेळ?"

"दोन घंटे. ऊन बरं हाय म्हनून."

साहेब पुन्हा उतरले. ओसरीवर बसले. पोहे खाल्ले, वर तुपाचा शिरा खाल्ला, गुरुजींची शाळेतली पाटी मांडीवर घेऊन तिच्यावर कागद ठेवून निकाल लिहिला. मग बसून बसून कंटाळले, तेव्हा उठून सुताचं एक टोक धरून उभे राहिले. सैल धरल्याबद्दल आनंदाबाई त्यांना दोनदा रागावली. साहेबांनी दोन्ही वेळा घट्ट धरलं.

ऊन डोक्यावर आलं. सूत कडक झालं, पांढरं झालं. दुरून दिसत होतं की वाळलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, जरा घुटमळले आणि विचारलं, "बाई, आता गाडी काढू का?"

आनंदाबाईनं एका धाग्यावरून सावकाश बोट फिरवलं. दुसऱ्यावरून फिरवलं. सारी गल्ली पाहत होती.

"बसा जरासे," ती म्हणाली. "घाई काय हाय?"